घरी जायचे बूट

"हे पाऊल नव्हे, बाई," बूटवाला लिपमन म्हणाला आणि चष्मा कपाळावर चढवून कागद खिडकीपाशी घेऊन गेला.

मी म्हटलं, पाऊल नव्हे तर काय इस्त्री आहे? पहाटेपासून जॅमच्या कारखान्यात उभी होते, पाय भरून आले होते, मागं रांगेत दोन बाया उसासे टाकत होत्या, आणि याला कागद उजेडात धरून बघायची हौस. व्हिटसनचा, ईस्टरनंतरच्या सणाचा, रविवार चार दिवसांवर आलेला. आमच्या लंडनच्या बर्मंडसीत त्या रविवारी पोरांच्या पायांत नवे बूट नसले तर आईनं दारात उभं राहू नये, अशी रीत. लढाईच्या सहा वर्षांतसुद्धा ती कुणी मोडली नाही. घरं पडली, पण बूट आले. लिपमननं आतून एक बूट आणला आणि माझ्या कागदावर ठेवला. तो रेघेत असा चपखल बसला की मलाच कसंतरी झालं. "पावलाभोवती पेन्सिल फिरवली ना," तो म्हणाला, "की ती करंगळीपाशी अडखळते, तळव्याच्या खोलगट भागात आत शिरते. इथं बघा, सगळी रेघ कशी सरळ. बूट ठेवून काढलंय हे. तोही माझ्याच दुकानातला, गेल्या मेमध्ये तुम्ही नेला होता तो."

"मग काढलं असेल बुटावरून. त्यात काय बिघडलं?"

"बिघडलं काही नाही. पण वर्षभर वापरलेला बूट पसरतो, एका बाजूला कलतो. हा जसाच्या तसा आहे." मग त्यानं आवाज खाली आणला. माणूस चांगला आहे तो. "तुमच्या मुलीनं हा बूट घातलेलाच नाही."

बूट न घेता मी बाहेर पडले. टॉवर ब्रिज रोडवर अजून विजयाच्या पताका लोंबत होत्या. लढाई संपून आठवडा झाला होता आणि त्या काढायला कुणाला उठवत नव्हतं. मलाही कशालाच उठवत नव्हतं. लोक म्हणत होते, सुटलो. मी म्हणत होते, हो, सुटलो, आणि ट्रामच्या थांब्यावर उभी राहून पावलाचा कागद घडी घालत होते, परत उलगडत होते. असे पाच कागद माझ्याकडे बिस्किटाच्या डब्यात आहेत. दर वसंतात मी वेल्सला पत्र टाकायचे की मेव्हिसचं पाऊल पाठवा, आणि तिथं तिला सांभाळणाऱ्या प्रॉसरबाई जाड तपकिरी कागदावर पाऊल काढून पाठवायच्या. तो कागद घेऊन लिपमनकडे जायचं, कपड्यांच्या रेशनची कुपनं मोजून द्यायची आणि बूट खोक्यात घालून पोस्टात टाकायचे. अट माझीच होती. पहिल्याच पत्रात लिहिलं होतं, मी, फ्लॉस टॅपसेल, कळवते की माझी पोर तुमच्याकडे खाईल, निजेल, तुमच्या प्रार्थनेला येईल, माझी काही हरकत नाही. पण तिचे बूट मी घेईन. दुसऱ्या कुणीही घ्यायचे नाहीत. गर्व होता तो, दुसरं काय. पोरीला दुसऱ्याच्या चुलीवर सोडलं होतं, निदान तिच्या पायाखाली तरी माझं काहीतरी असावं. त्यापायी मी चार वर्षं एकच जोड तळवे बदलून घालतेय. डाव्या बुटाच्या आत वर्तमानपत्राची घडी असते. पाऊस आला की बातम्या भिजतात, असं पर्सी म्हणतो.

पर्सी माझा नवरा. गोदीत हमाली करतो. बोलतो कमी, ठोकाठोक फार. दोन महिने मागच्या अंगणात तो मेव्हिससाठी खाट करत होता. पलीकडच्या गल्लीतलं घर बॉम्बनं बसलं, त्याचं दार धड राहिलं होतं. ते दार चिरून खाट. उशाकडच्या फळीवर अजून पितळी चौदा आकडा आहे. मी म्हटलं, तो तरी काढ. तर म्हणाला, "असू दे की. पोरगी चौदाची होतेच आहे." आहे तेराची. तेवढं त्याच्या लक्षात नसतं. आमच्या घराचा पुढचा भाग चाळीसच्या सप्टेंबरात गेला, तेव्हापासून मागच्या दोन खोल्यांत राहतो. आरशाच्या फळीवर कौन्सिलचा फॉर्म ठेवला होता. मूल परत हवं आहे का, असल्यास निजायला स्वतंत्र खाट आहे का. पर्सी येता जाता त्याच्याकडे बघायचा. "भर की तो, फ्लॉस. खाट झाली." मी म्हणायची, भरते. पंधरा दिवस भरते म्हणत होते. का भरत नव्हते हे मला सांगता आलं नसतं. दमले होते म्हणून, असं मी स्वतःला सांगायची, आणि ते खरंही होतं.

बॉम्बच्या भीतीनं मी तिला दोनदा लंडनबाहेर पाठवली. एकदा पाठवणाऱ्या आईची लोक कीव करतात; दोनदा पाठवणारीकडे जरा निराळं बघतात. पहिल्यांदा एकोणचाळीसच्या सप्टेंबरात, सगळ्यांचीच गेली तेव्हा. सात वर्षांची पोर, गळ्यात गॅसच्या मुखवट्याचं खोकं, कोटाला नावाची चिठ्ठी. आयांना फलाटावर सोडत नव्हते. शाळेच्या फाटकाला आम्ही वटवाघळांसारख्या लोंबकळलो होतो. बॉम्ब काही पडेनात. नाताळ आला, गल्ली रिकामी, टेबलावर आम्ही दोघं. मला सोसलं नाही. जाऊन घेऊन आले. सहा महिने ती घरी होती. शेजारच्या क्विनीनं आपली दोन पोरं पाठवलीच नव्हती. ती म्हणायची, "मेलो तर सगळे एका पंगतीत मरू, फ्लॉस." मग फ्रान्स पडलं, शाळेतून परत यादी आली, आणि जूनमध्ये मी तिला दुसऱ्यांदा पाठवली, या खेपेला वेल्सला. पहिल्यांदा ती रडली नव्हती, गंमत वाटली होती तिला. दुसऱ्यांदाही रडली नाही. पण माझ्याकडे असं बघत होती की मी खाली बसून तिच्या बुटांचे बंद बांधत राहिले, वर मान करायला नको म्हणून. बंद सोडले, परत बांधले. काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "हे बूट नीट जप हं. घरी येताना हेच घालून यायचं." एवढंच. दुसरं काही सुचलंच नाही.

क्विनीची दोन्ही पोरं जिवंत आहेत. सहा वर्षं भुयारात झोपली, खरजेनं भरली, शाळा बुडाली, पण आईजवळ वाढली. थोरला तर आता मिशीला तेल लावतो. आमच्या मागची गल्ली बसली त्या दिवशी क्विनीच म्हणाली होती, "बरं केलंस गं पाठवलीस ते." आणि आता विजयाच्या जेवणावळीत, रस्त्यावर टेबलं मांडली होती तेव्हा, आपल्या धाकटीला वाढता वाढता म्हणाली, "तुझी कधी येणार मग? का तिकडचीच झाली?" ती चेष्टेनंच बोलली. क्विनीच्या पोटात काही नसतं. पण माझ्या हातातला केक गिळवेना. आता त्या थांब्यावर, मुठीत कागद धरून, मला ती चेष्टा परत ऐकू आली. खरं सांगते, मला वाटलं की प्रॉसरबाईनंच दुसरे बूट घेतले. गुपचूप. माझे कपाटात फेकून दिले आणि स्वतःचे तिच्या पायांत घातले. पाच वर्षं ती बाई माझ्या पोरीच्या डोक्यावरून हात फिरवतेय ते मी सोसलं. मेव्हिस पत्रात तिला ग्वेनमावशी म्हणते, तेही सोसलं. पण बूट!

शनिवारी सकाळी पॅडिंग्टन स्टेशनहून निघाले. पर्सीला सांगितलं, व्हिटसनला भेटून येते. तो म्हणाला, "घेऊनच ये." फॉर्म मी पिशवीत टाकला. गाडीत बसायला जागा नव्हती, सुटीवरचे सैनिक दारापर्यंत, त्यातल्या एकानं मला आपल्या बॅगेवर बसवलं. "कुठं निघालात, काकू?" म्हणाला. पोरीला आणायला, मी म्हटलं. "अरे वा, चंगळ आहे पोरीची!" मी मान हलवली. याआधी दोनदाच गेले होते, एक्केचाळीस आणि त्रेचाळीसच्या ऑगस्टात. सुटी मिळेना, भाडं परवडेना, अशी कारणं असतात. ती खोटी नसतात, पण त्यांच्यामागं अजून एक असतं. तिकडून निघताना जो जीव तुटतो तो परत परत तोडून घ्यायची ताकद राहत नाही. दोन्ही वेळा मेव्हिस मला स्टेशनवर घ्यायला आली होती आणि पायांत माझे बूट होते, चकचकीत. त्रेचाळीस साली ती जराशी लंगडत होती. मी म्हटलं, पाय मुरगळला का? नाही म्हणाली. आता गाडीत त्या बॅगेवर बसून मला ते लंगडणं कळलं. न वापरलेला बूट टाचेला चावतो. मला दाखवण्यापुरते घातले होते तिनं.

मी येणार हे कळवलं नव्हतं. प्रॉसरबाईंनी दार उघडलं, हात पिठाचे. मला वाटत होती त्यापेक्षा म्हातारी झाली होती बाई. "अगंबाई, मिसेस टॅपसेल!" एवढंच म्हणाली आणि माझ्या हातातल्या तपकिरी कागदाकडे बघत राहिली. मेव्हिस गोठ्यात होती. मी कोटसुद्धा काढला नाही.

"बूट कुठायत?" मी विचारलं.

"वर आहेत."

"सगळे?"

"सगळे आहेत हो. एकही टाकलेला नाही." ती एप्रनला हात पुसत राहिली. "तुम्ही रागावणार हे ठाऊक होतं मला. पण मी तुमची अट मोडली नाही. शेतात घालायचे लाकडी बूट तेवढे धन्यांनी करून दिलेत, ते इथं सगळ्याच पोरांना असतात. शाळेत माझे जुने घालते. चामड्याचा नवा जोड मी तिला एकदाही घेतला नाही. दुकानाशी जाऊन परत आले, पण घेतला नाही."

"मग माझे का नाही घातले तिनं?"

"चला वर," ती म्हणाली.

खिडकीखाली लाकडी पेटी, तिच्यावर ओळीनं पाच जोड. पहिला चाळीसचा, माझ्या हातानं बंद बांधलेला, माझ्या तळहाताएवढा. त्याच्या शेजारी एक्केचाळीस, बेचाळीस. तिन्ही इतके पुसलेले की वरच्या पातळ धुळीतूनही चमकत होते. पुढचा, त्रेचाळीसचा, त्याला चमक नाहीच, नुसती जाड धूळ. टोकाला बोटानं एक रेघ ओढलेली, तिच्यावरही परत धूळ बसलेली. आणि गेल्या वर्षीचा खोक्यात, लिपमननं घातलेल्या पातळ कागदासकट. प्रॉसरबाई दारातच उभी राहिली. "आमच्या घरात यांना घरी जायचे बूट म्हणतात," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून. मी म्हटलं, अगं पोरी, घाल ना, आईनं पाठवलेत. तर म्हणे, आईनं सांगितलंय, घरी जाताना हेच घालायचे. ते लहान होईपर्यंत जपले. तुम्ही नवे पाठवले, तेही जपले. रोज शाळेतून आली की पुसायची. धनी म्हणायचे, एवढं तर आपण देवळातलं पितळही घासत नाही. या एप्रिलात तुमचं पत्र आलं तेव्हा कागद जमिनीवर ठेवला नि म्हटलं, पाय ठेव. तिनं ठेवला नाही. दोन दिवस ठेवला नाही. बोलेना, जेवेना. लढाई संपत आली होती ना. नवा जोड म्हणजे काय, ते तिला कळत होतं. मग मीच तो खोक्यातला बूट काढला आणि... तुम्हाला काय लिहिणार होते मी?"

मी पेटीवर बसले. दुसऱ्या बाईवर ओरडायचं म्हणून मी सहा तास गाडीत शब्द जुळवले होते. त्यातला एकही उपयोगाचा उरला नाही. लढाईत आमच्याकडे तारीख चुकत नव्हती, कुठला बॉम्ब कधी पडला ते पोरंसुद्धा पाठ सांगत. पण माझी पोर माझी वाट बघायची कधी थांबली, ते मला इथं, या धुळीवरून कळत होतं. बेचाळीस आणि त्रेचाळीसच्या मधे कधीतरी. त्या दिवशी मी काय करत होते? जॅमच होते करत.

मेव्हिस वर आली. पायांत लाकडी बूट, मोज्याला चिखल, माझ्यापेक्षा बोटभर उंच. जिन्यात कुत्र्याशी वेल्श बोलत होती, खोलीत पाऊल टाकलं आणि माझ्यासाठी भाषा बदलली. "आई? तू कशी काय?" मग तिला पेटीवरचे बूट आणि मी शेजारी शेजारी दिसलो.

"पुसायचीस म्हणे रोज," मी म्हटलं.

"तू सांगितलं होतंस."

"मग?"

"मग ते पायाला होईनात."

"मग नवे आले ना?"

"हो. मग ते पण होईनात." ती जमिनीकडे बघत होती. मला ठाऊक होतं की विचारू नये, पण विचारलं. "आणि मग, मेव्हिस?"

"मग कंटाळा आला, आई."

रागानं नाही म्हणाली. आमच्या कारखान्यात शिफ्ट संपताना बाया जशा म्हणतात, तशी म्हणाली. माझाच आवाज होता तो. मग घाईघाईनं पुढं म्हणाली, "मी येईन ना. तू म्हणशील तेव्हा येईन. उद्या म्हणालीस तर उद्या." शाळेत पाठ म्हणावं तसं. मला वाटलं, आता हिला कवटाळून गाडीत घालावी, खाट झालीय, चौदा आकड्याची, बापानं दोन महिने रंधा मारलाय. वर्षभरात शाळा सुटेल, क्विनीच्या पोरीसारखी माझ्या शेजारी जॅमच्या पट्ट्यावर उभी राहील, संध्याकाळी आम्ही हातात हात घालून घरी जाऊ. मला ते हवं होतं. आणि ती म्हणाली होती तशीच आली असती. आज्ञाधारक. बूट जपत होती तशी.

"इथल्या शाळेत अजून किती वर्षं आहेत?" मी विचारलं.

"मोठ्या परीक्षेला तीन." मग हळूच, "बाई म्हणतात, मी पास होईन."

मी पिशवीतून कौन्सिलचा फॉर्म काढला, उलटा केला आणि जमिनीवर ठेवला. "बूट काढ. मोजे पण. पाय ठेव." ती हलली नाही. मी म्हटलं, "अगं ठेव. घरी जायचे नाहीत हे. रोज घालायचे. शाळेत, गोठ्यात, चिखलात. झिजवायचे. पुढच्या वर्षी मला भोकं दिसली पाहिजेत." तिनं माझ्याकडे तपासून बघितलं, खरं बोलतेय का ते. मग पाय ठेवला. अंगठा फॉर्मच्या बाहेर आला. मी गुडघ्यावर बसून पेन्सिल फिरवली. ती करंगळीपाशी अडखळली, खोलगट भागात आत शिरली, लिपमन म्हणाला होता तशी. रेघ पुरी झाली. तिनं पाय उचलला नाही. तिचा हात माझ्या डोक्यावर आला, तोल सावरायला असेल, आणि तिथंच राहिला.

सोमवारी परतले. पर्सी अंगणात खाटेला काचकागद घासत होता. माझ्यामागं बघितलं, दाराकडे, परत माझ्याकडे. "मागून येतेय?"

"नाही रे. तीन वर्षं शिकू दे म्हणते."

"आणि मग?"

"मग तिचं ती बघेल."

त्यानं काचकागद खाली ठेवला. मग म्हणाला, "सुटीत तर येईल? की हॉटेलात उतरेल?" मी म्हटलं, येईल. तेव्हा त्यानं काचकागद उचलला आणि झालेली खाट परत घासायला लागला. मी त्याला थांबवलं नाही.

फॉर्मवर 'सध्या नको' लिहून मी तो कौन्सिलच्या खिडकीत दिला. कारकुनानं उलटा केला. "हे काय काढलंय?" मी म्हटलं, मुलीचं पाऊल. "इथं काढायचं नसतं, बाई," म्हणाला, आणि शिक्का मारून ठेवून दिला. त्यामुळं लिपमनकडे गेले तेव्हा माझ्याकडे कागद नव्हता. "माझ्या मापाचे द्या," मी म्हटलं, "तिला तेवढेच होतील." त्यानं मला स्टुलावर बसवलं. डाव्या बुटातली वर्तमानपत्राची घडी त्याच्या हातात आली. ती त्यानं बाजूला ठेवली. जाड तळाचे, काळे बूट. मी दारापर्यंत चालले, परत आले.

"चावतायत?" त्यानं विचारलं.

"नवे आहेत, चावणारच. खोकं नको. मी घालूनच जाते."

"मुलीला पाठवायचेत ना?"

"आठवडाभर मी वापरते, मग पाठवते. नवे दिसले तर ती ठेवून देईल."

बाहेर पाऊस पडून गेला होता. चामड्याच्या बाजाराच्या कोपऱ्यावर नेहमीचं डबकं होतं, काळं, वासाचं. मी त्याला वळसा घातला नाही.